थोरल्या दिराचं नाव

एप्रिल अर्धा सरला होता, तरी कोकबुलाकच्या माथ्यावरचा बर्फ हलायचं नाव घेत नव्हता. अनारकान आजी अंगणात लोकरीचे जाड नमदे उन्हाला टाकून काठीने झोडपत होत्या, तेवढ्यात फाटक करकरलं आणि शाळेतली मीरिमबाई आत आली. काखेत फुगलेली फाईल, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. शाळेत इतिहास शिकवणारी ही पोर, शाळेच्याच एका खोलीत गावाचं संग्रहालय सांभाळते. कोणाचं जुनं पत्र, कोणाचा गंजलेला डबा, कोणाच्या आजोबांचं पदक, मागून मागून गोळा करते.

सून एल्नुराने चहा आणला, पाव मोडून ठेवला. मीरिमने वाटी हातात घेतली आणि तशीच धरून बसली. पावाला हात लावला नाही. तेव्हाच आजींनी ओळखलं, पोरीच्या मनात काहीतरी आहे.

"लढाईत पडलेल्यांच्या नावांची भिंत मंजूर झाली, आजी," मीरिम म्हणाली. "काळ्या ग्रॅनाइटची. नऊ मेच्या, विजयदिनाच्या आधी उभी राहील. तो जुना सिमेंटचा दगड पाडणार, तडे गेलेत त्याला."

"चांगलंच झालं की. मग तोंड असं का, नासलेलं दूध प्यायल्यासारखं?"

"नावं जुळवतेय मी. लष्कराच्या दफ्तरातून यादी आली. जुन्या दगडावर एकशे बारा नावं आहेत आपली. एकशे अकरा जुळली."

आजींनी काठी खाली ठेवली.

"राहिलेलं एक तुमच्या घरातलं आहे. सातिबाल्दियेव तोरात. असा माणूस कुठल्याच कागदावर नाही आजी. बोलावलेल्यांत नाही, मेलेल्यांत नाही, बेपत्ता झालेल्यांतही नाही."

"आमचे तोरात-काका?" एल्नुरा मध्येच म्हणाली. "असं कसं? दर वर्षी फुलं ठेवतो की आम्ही!"

"कमिटी म्हणते, कागद नाही तर नाव नाही. घरच्या कोणी येत्या शुक्रवारी पंचायतीच्या कचेरीत, तिघा वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून सांगायचं, हा कोण, कोणाचा, नाव काय. सांगितलेलं यादीशी जुळलं तर भिंतीवर. नाही जुळलं तर..." मीरिमने पुढचं गिळलं. "मी चिठ्ठी आणते म्हटलं, तर तेही नको म्हणतात. पलीकडच्या गावात एकाने चिठ्ठी पाठवून यादीतला बेवारस माणूस आपला आजोबा म्हणून लावून घेतला. म्हणून आता यादीही दाखवायची नाही आणि कागदही घ्यायचा नाही. तोंडानेच सांगायचं."

मीरिम गेल्यावर आजींनी नमदे परत झोडपायला घेतले आणि धूळ कधीच निघून गेली होती तरी झोडपतच राहिल्या. तोरात हे नाव दगडावर कसं आलं, हे अख्ख्या कोकबुलाकात आता एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

अनारकान या घरात आली ती पंचावन्न सालच्या शरदात, अठराची होऊन. डोक्यावर पांढरा रुमाल चढला, आणि पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिला चुलीपाशी बसवून सगळं समजावलं. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं घ्यायचं नाही, नवऱ्याच्या थोरल्यांचं तर नाहीच नाही. जिवंत असोत की गेलेले, मान सारखाच.

"मग म्हणू काय त्यांना?" अनारकानने विचारलं होतं.

"ज्याला त्याला शोभेल असं काहीतरी म्हण. तुझं तू शोध. त्यावरूनच तर सुनेची अक्कल कळते."

अक्कल अनारकानला कमी नव्हती. सासरे 'मोठं घर' झाले, नवरा 'घरधनी' झाला, शेजारचा चुलत सासरा बारा महिने थंडीची कुरकुर करायचा, तो 'गारठेवाले आजोबा' झाला आणि त्यावर बायका महिनाभर हसल्या. अडले ते थोरले दीर. ते बेचाळीस साली लढाईवर गेले, एकोणीस वर्षांचे होते, लग्न व्हायचं होतं. त्रेचाळीसमध्ये काळा कागद आला, मेल्याची खबर देणारा. सासूबाईंनी तो वाचूनसुद्धा घेतला नाही, चुलीत घातला. "माझा मुलगा कागद नाही," म्हणाल्या. त्यामुळे घरात त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, काही नाही. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही त्यांना काय म्हणावं?

तिने नवऱ्याला विचारलं, "कसे होते हो?" दादा गेला तेव्हा काचिबेक सात वर्षांचा होता. त्याला दादाचा चेहरा आठवत नव्हता. घोडा आठवत होता. काळ्या आयाळीचा तांबडा, आमच्याकडे अशा घोड्याला तोरात म्हणतात. दादा त्याच्यावर बसून जिल्ह्याच्या गावाला गेला, आणि दोन दिवसांनी शेजाऱ्याने मोकळा घोडा परत आणला.

म्हणून अनारकान म्हणू लागली 'तोरात-भावजी'. सासूबाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या उठून बाहेर गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या, आणि सुनेच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

सासूबाई आई होत्या, त्यांना कसली बंदी? त्या नाव घ्यायच्या. पीठ मळताना घ्यायच्या, मेंढीचं दूध काढताना घ्यायच्या, शेगडीत शेणी सारताना घ्यायच्या. नऊ वर्षं, दिवसातून दहादा, अनारकानने ते नाव ऐकलं. चौसष्ट साली सासूबाई अल्लाहघरी गेल्या आणि घरातून ते नावही गेलं. काचिबेक धाकटा, तो थोरल्या भावाला दादाच म्हणणार. मुलं आईचं ऐकून तोरात-काका म्हणायला लागली. आमच्यात पोरांना सात पिढ्यांचे बाप पाठ करायला लावतात, पण ज्याला मूलच नाही तो कोणाच्याच सात पिढ्यांत येत नाही.

मग आलं पंचाहत्तर साल. विजयाला तीस वर्षं झाली म्हणून दगड उभारायचं ठरलं आणि परगावचा एक कारकून घरोघर नावं लिहीत फिरला. मेंढ्या व्यायचा हंगाम, पुरुष सगळे खिंडीपलीकडच्या वाड्यांवर. घरी अनारकान एकटी, कडेवर धाकटा मुलगा तालाय.

"या घरातून कोण गेलं होतं?"

"थोरले दीर."

"आडनाव आहे माझ्याकडे. नाव?"

अनारकानने ओढणीचं टोक तोंडावर घेतलं. आपल्या गावचा कारकून असता तर समजून शेजारी गेला असता. हा उभाच राहिला. पेन्सिलीने वहीवर टकटक करत म्हणाला, "बाई, अजून चाळीस घरं राहिलीत माझी."

"तोरात," ती म्हणाली.

त्याने लिहिलं, आभार मानले, गेला.

तिला वाटलं होतं, घरधनी आले की ते जाऊन नीट सांगतील. घरधनी आले ते जूनमध्ये, लोकर कातरायला. दगड मे महिन्यातच उभा राहिला होता. काचिबेक टोपी हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला, घरी आला, चहाच्या दोन वाट्या प्यायला.

"दगडावर आपला घोडा बसलाय," तो म्हणाला.

"कारकून विचारत होता."

"मग सांगायचं होतंस."

"मी? मी कसं सांगणार?"

काचिबेक हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला, पण तिथे कळलं की यादी वर गेली आहे. ती बदलायची तर चौकशी होईल, चूक कोणी सांगितली ते लिहून द्यावं लागेल, बाईला बोलावतील. तो परत आला. "राहू दे," म्हणाला. "तुला चारचौघांत उभी करून हसू कशाला करून घ्यायचं? दादाला घोडा प्रिय होता."

पण दर नऊ मेला लोक नावं वाचायचे, तेव्हा काचिबेक दगडाकडे बघत नसे, बुटांकडे बघे. अनारकान हे बघायची. आणि शहाण्णव साली, छातीत पाणी होऊन तो अंथरुणाला खिळला तेव्हा एका दुपारी एवढंच म्हणाला, "दादाचं तेवढं नीट करून घे गं. माझ्याने झालं नाही." तिने मान हलवली. त्याला एकोणीस वर्षं झाली.

"आई, जीव जातोय का नाव घेतल्याने?" मीरिम येऊन गेली त्या संध्याकाळी एल्नुराने भांडी विसळता विसळता विचारलं. आजींनी तिला सगळं सांगितलं होतं, नाव सोडून. "मी तर तालायला नावाने हाक मारते. आणि ऐकलं नाही तर आणखी चार नावांनी. आभाळ कोसळलं का?"

"तुझ्यावर नाही कोसळलं. त्याच्यावर कोसळलंय. बघ कसा वाकून चालतो."

एल्नुरा हसली, मग हसू आवरून जवळ येऊन बसली. "मला कानात सांगा. मी जाऊन सांगते."

"तू काय सांगणार? 'सासूने सांगितलं' म्हणून? तुझी साक्ष ती साक्ष नव्हे. आणि कानात म्हटलं तरी ते म्हटलंच ना."

खरी गोष्ट वेगळी होती आणि आजींना ती गुरुवारपर्यंत स्वतःशीही कबूल करता आली नाही. कोकबुलाकात कोणाचंही लग्न असो, नव्या नवरीच्या डोक्याला रुमाल बांधायला अनारकान आजींनाच बोलावतात. साठ वर्षांत ज्यांच्या जिभेवर सासरचं एक नाव चढलं नाही अशी बाई. नव्या सुनांना त्यांच्याकडे बोट दाखवून सांगतात, अशी हो. आणि आता याच बाईने कचेरीत, पुरुषांसमोर उभं राहून थोरल्या दिराचं नाव घ्यायचं?

गुरुवारी त्यांनी नेहमीप्रमाणे गेलेल्यांसाठी तेल तापवलं, कणकेचे तुकडे तळले. तेलाचा वास वर जातो आणि आपली माणसं आपल्याला विसरली नाहीत हे गेलेल्यांना कळतं. मग हात पसरून त्या एकेकाच्या वाटचं पुण्य मागू लागल्या. सासूबाईंना. मोठ्या घराला. घरधन्याला. तोरात-भावजींना.

तिथे त्या थांबल्या. अल्लाह सगळं जाणतो, त्याला नाव सांगावं लागत नाही. पण गावाला तर लागतं. थोड्या दिवसांत ती भिंत उभी राहील, पोरं बोट फिरवत नावं वाचतील, आणि एकोणीस वर्षांचा एक मुलगा, ज्याला ना बायको ना लेकरू ना कबर, तो तिथेही नसेल. कशामुळे? मी मान ठेवला म्हणून. आजी हात पसरून तशाच बसल्या. मान त्यांचा ठेवला, की माझा?

दुवा संपवून त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि एल्नुराला हाक मारली. "उद्याला माझा चांगला कोट काढून ठेव. आणि तू चल बरोबर."

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर कचेरीत तिघं बसले होते. एक गावचे मोल्दो, मशिदीत नमाज पढवणारे. दुसरे पंचायतीचे प्रमुख. आणि मधोमध जेक्शेन बाबा, वय ब्याण्णव. लढाईवरून परत आलेल्यांपैकी हा एकच माणूस आता गावात उरला होता. कोटावर पदकं इतकी की उठताना भांड्यांचं फडताळ हलल्यासारखा आवाज व्हायचा. ते मूळचे खालच्या खोऱ्यातले, लढाईनंतर इथे जावई म्हणून आले, त्यामुळे इथून गेलेल्या पोरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात मीरिम रेकॉर्डर घेऊन बसली होती. भिंतीला टेकून अजून सात-आठ जण होते, आपापल्या कामाला आलेले, पण आता काम विसरून उभे.

"या सूनबाई," जेक्शेन बाबा ओरडले. "बसा! तुमच्यासारख्या बाईला या मेंढपाळांनी कचेरीत आणलं, लाज वाटत नाही यांना!"

"मी आपली आपण आलेय," आजी म्हणाल्या.

"काय?"

"आपली आपण आलीय म्हणतात त्या!" प्रमुख त्यांच्या कानाशी ओरडले.

मोल्दोंना सगळं ठाऊक झालं होतं, गाव केवढंसं. ते खाली बघत मऊपणे म्हणाले, "आपा, कोणी तुम्हाला अडचणीत घालू इच्छित नाही. जिल्ह्याच्या यादीत सातिबाल्दियेव आडनावाची तीन नावं बेवारस आहेत. नियम नियमाच्या जागी. मी एकेक नाव वाचतो, तुमचं आलं की मान हलवा. झालं. तुमच्या तोंडाला त्रास नको."

भिंतीपाशी लोक समाधानाने कुजबुजले. एल्नुराने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि आजींचा कोपर दाबला. मीरिमने पण मान वर केली. सगळ्यांना वाटलं, सुटलं एकदाचं.

"नको," आजी म्हणाल्या.

"का हो?"

"उद्या कोणी म्हणेल, म्हातारीने तीनातलं एक पकडलं. आणि..." त्या थांबल्या. "मोल्दो, चूक माझ्या तोंडून झाली. चाळीस वर्षं झाली. तुम्ही वाचणार आणि मी मान हलवणार, तर ती माझ्या तोंडून कधी नीट होणार?"

मोल्दोंनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली.

आजी उभ्या राहिल्या. ओढणी सारखी केली. त्यांनी मनातल्या मनात बिस्मिल्लाह म्हटलं आणि बोलल्या. इतकं हळू की शेजारी उभ्या एल्नुरालासुद्धा ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही.

"काय?" जेक्शेन बाबा पुढे वाकले. "मोठ्याने बोला, सूनबाई! माझा एक कान जर्मनांनी ठेवून घेतलाय!"

कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. प्रमुख म्हणाले, "बाबा, मी सांगतो तुम्हाला..."

"तू गप्प रहा. साक्ष त्यांची आहे की तुझी?"

आजी परत बोलल्या. या वेळी एल्नुराला ऐकू आलं. म्हाताऱ्या सासूच्या तोंडातून ते नाव असं आलं, जसं लहान मूल पहिल्यांदा शब्द जुळवतं.

"अजून मोठ्याने!"

मग अनारकान आजींनी श्वास घेतला, छाती भरून, डोंगरावर चुकलेल्या मेंढीला हाक मारताना घेतात तसा.

"सातिबाल्दीचा मुलगा इमानकुल! माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ! बेचाळीस साली गेला, एकोणीस वर्षांचा होता! इमानकुल!"

कचेरीची खिडकी उघडी होती. बाहेर रस्त्यावर दूध घेऊन जाणाऱ्या दोन बायका जागीच थांबल्या.

आत मीरिमने पुढे येऊन टेबलावरचा कागद सुलटा केला. बोट तीन ओळींवरून फिरलं, मधल्या ओळीवर थांबलं. कागद तिने मोल्दोंपुढे सरकवला. "सातिबाल्दियेव इमानकुल," मोल्दोंनी वाचलं. "जन्म तेवीस. भरती जिल्ह्याच्या गावी. पडला त्रेचाळीसच्या ऑगस्टमध्ये. एका रशियन खेड्याच्या सामायिक कबरीत पुरलाय." त्यांनी खेड्याचं नाव वाचलं. कोणालाच ते माहीत नव्हतं.

"ऑगस्टमध्ये," आजी म्हणाल्या. सासूबाईंनी कागद न वाचताच जाळला होता, त्यामुळे महिनासुद्धा घरात कोणाला ठाऊक नव्हता.

जेक्शेन बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. पदकं खणखणली. त्यांनी दोन्ही हात पसरले, तसे सगळ्यांनीच पसरले, कामाला आलेल्यांनीसुद्धा. म्हातारबाबांना कुराणातल्या दोनच सुरा येतात, त्यातली लहान त्यांनी म्हटली, चुकत माकत. मोल्दोंनी चूक दुरुस्त केली नाही. शेवटी बाबा म्हणाले, "सातिबाल्दीच्या इमानकुलला पोचो." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

बाहेर पडताना एका नव्या सुनेने, जिच्या डोक्यावर रुमाल आजींनीच गेल्या शरदात बांधला होता, त्यांना वाट दिली आणि नेहमीपेक्षा खाली वाकली. आजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाय दुखत होते.

घरापर्यंत एल्नुरा आजींच्या पावलाने हळूहळू चालली. फाटकापाशी ती म्हणाली, "आई, मुलांना सांगू ना आता? इमानकुल-काका म्हणा म्हणून?"

"सांग. लिहून दे त्यांना."

"आणि तुम्ही?"

"माझं काय? मला एकदा सांगायचं होतं, सांगितलं." कोटाची बटणं काढत आजी म्हणाल्या, "चूल पेटव आता. तोरात-भावजींच्या नावाने काहीतरी गोड कर."

नऊ मेला पाऊस पडून गेला होता आणि नवी भिंत ओली होती. मीरिमने ध्वनिक्षेपकावर नावं वाचली. नाव आलं की त्या घरची माणसं पुढे जाऊन फुलं ठेवत. सातिबाल्दियेव इमानकुल आलं तसा तालाय पुढे गेला, एल्नुरा गेली, नाती गेल्या. काचिबेक असता तर तोही गेला असता आणि या वेळी मान वर करून गेला असता, एवढं आजींच्या मनात आलं. त्या मागे उभ्या होत्या. धाकट्या नातीला अक्षरं नुकतीच जुळवता येत होती, ती वळून म्हणाली, "आजी, आपलं कोणतं? दाखव ना, मी वाचते."

आजी पुढे झाल्या. ओल्या दगडावर बोट ठेवून त्यांनी ती ओळ दाखवली आणि नात मोठ्याने वाचायला लागली.